वृत्ती कोणाच्या नावावर?

एका संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा निरोप आला. ती मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात संस्कृत शिकवते. भर्तृहरी या संस्कृत वैयाकरणावरील अभ्याससाहित्याची एक सामाईक सूची आम्ही काही जण मिळून झोटेरो या संदर्भनोंदी ठेवण्याच्या संगणकप्रणालीवर तयार करीत आहोत आणि तिच्यात नोंदी भरण्याचे काम तिने आपणहून अंगावर घेतले आहे. निरोप एवढाच होता : "मॅडम, वाक्यपदीयाच्या पहिल्या कांडावरची वृत्ती कोणाच्या नावावर टाकू? लेखकाची चौकट रिकामी ठेवली तर नोंद भलतीकडेच जाऊन बसते आणि नंतर सापडत नाही." वाक्यपदीय हा भर्तृहरीचा व्याकरण-तत्त्वज्ञानावरचा पद्यग्रंथ, आणि वृत्ती म्हणजे त्यातल्या श्लोकांवरचे गद्य विवरण. प्रश्न साधा, कामाचा होता. मी "उद्या सांगते" असे लिहून मोबाइल बाजूला ठेवला आणि कुकर लावायला उठले. पण भात शिजेपर्यंत माझ्या लक्षात आले की उद्याच काय, पुढच्या वर्षीही मला याचे सरळ उत्तर देता येणार नाही. तिला एका चौकटीत भरण्यापुरते एक नाव हवे होते आणि त्या नावावर निदान साठ वर्षे पंडितांचे एकमत झालेले नाही.

ज्यांनी वाक्यपदीय हाताळले आहे त्यांना हा वाद नवा नाही. लखनौचे के. ए. सुब्रमण्य अय्यर यांनी १९६३ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे हा ग्रंथ टीकांसह प्रसिद्ध करायला घेतला आणि कारिका, म्हणजे मूळ श्लोक, व वृत्ती दोन्ही भर्तृहरीच्याच असे त्यांनी मानले. १९६४ मध्ये मादलेन बियार्दो यांचा पहिल्या कांडाचा फ्रेंच अनुवाद पॅरिसहून निघाला, त्याच्या शीर्षकातच वृत्ती 'हरिवृषभा'ची म्हटली होती. पुष्पिकेत, म्हणजे हस्तलिखिताच्या समाप्तिलेखात, तेच नाव येते, आणि बियार्दोंच्या मते तो माणूस भर्तृहरीहून वेगळा. अशोक अकलूजकर यांनी १९७२ मध्ये दोन्हींचा कर्ता एकच असल्याचे सविस्तर मांडले, तर योहानेस ब्राँकहॉर्स्ट यांनी १९८८ मध्ये नेमकी उलट बाजू घेतली. मी अय्यरांच्या आवृत्तीवर वाढले आहे आणि अकलूजकरांचे म्हणणे मला अधिक पटते; परंतु मला काय पटते हा सूचीचा आधार होऊ शकत नाही. उद्या बियार्दोंचा अनुवाद शोधणारा कोणी आला आणि आमच्या सूचीत 'हरिवृषभ' हे नावच त्याला दिसले नाही, तर आम्ही त्याला न सांगताच एका पक्षात ओढून घेतलेले असेल.

चौकटीला मात्र एकच नाव हवे असते.

आणि हे झाले फक्त वृत्तीचे. खुद्द भर्तृहरीच्या नावाचाच गुंता केवढा आहे, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. "प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे" ही वामन पंडितांची ओळ आपण शाळेत पाठ केलेली असते आणि ती भर्तृहरीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नीतिशतकावरून उतरलेली आहे हेही गुरुजींनी सांगितलेले असते. नवनाथ भक्तिसाराच्या पारायणात भर्तरीनाथ भेटतात. उज्जयिनीचा राजा, विक्रमाचा भाऊ, पिंगलेच्या शोकाने विरक्त झालेला, ही सगळी गोष्ट घरातल्या थोरांना तोंडपाठ असते. त्यात इत्सिंग या चिनी प्रवाशाने सातव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले की भर्तृहरी सात वेळा भिक्षू झाला आणि सात वेळा संसारात परतला. या सर्वांमध्ये शब्दतत्त्वालाच अनादिनिधन ब्रह्म म्हणणारा वैयाकरण कुठे उभा आहे? शोधयंत्रात 'भर्तृहरी' एवढेच टंकून पाहावे. पहिली कित्येक पाने परीक्षोपयोगी नीतिशतकांची, सुविचारांची आणि नाथकथांची येतात; वाक्यपदीय कुठेतरी खाली, ओशाळल्यासारखे. नीतिशतकादी शतकांचा कवी आणि हा वैयाकरण एकच की दोन, यावर छातीठोक बोलणे आजही अवघड आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४८ मध्ये शतकांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा त्यांनी इंग्रजी शीर्षकातच 'भर्तृहरीच्या नावावर मोडणारी' सुभाषिते असे म्हटले. गणितज्ञाचा काटेकोरपणा मला त्या शीर्षकात दिसतो. गोव्यात जन्मलेल्या या माणसाला संशय दाराबाहेर कसा टांगावा हे नेमके कळले होते.

मी शिकत होते तेव्हा असा संशय टांगायला जागा होती. ग्रंथालयातल्या कार्डांचे ते लाकडी खण आठवतात : ओढला की आधी खडखड, मग डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि कार्डांच्या तळाशी भोकांतून ओवलेली पितळी सळई. टंकलेखन यंत्रावर रोमन अक्षरे उठवून, खालचे ठिपके आणि वरच्या रेघा कोणीतरी काळ्या शाईने हाताने भरलेल्या असत. ठिपका घाईत दिला असेल तर तो अक्षराच्या पोटाऐवजी शेजारी पडलेला असे. पण मला खरे आकर्षण होते ते कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेल्या शेऱ्यांचे. 'पाहा : हरिवृषभ', 'शेवटची पाने नाहीत', 'हा तो नव्हे'. कोण ग्रंथपाल, कोणत्या साली, काहीच लिहिलेले नसे. परंतु कोणीतरी पुस्तक उघडून पाहिले होते आणि पुढच्याला सावध करून ठेवले होते. पुढे सगळी कार्डे संगणकावर चढवली गेली तेव्हा अनेक ठिकाणी टंकलेला मजकूर तेवढा चढला आणि पेन्सिल मागे राहिली. चढवणाऱ्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांच्यापुढच्या नमुन्यात शेऱ्याला रकानाच नव्हता.

भर्तृहरीच्या अभ्यासकांना एकत्र आणणारी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद पुणे विद्यापीठात भरली, जानेवारी १९९२ मध्ये. तिचे निबंध पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडच्या 'आझियाटिशे श्टुडिएन' या नियतकालिकाच्या ४७ व्या खंडात आले आणि १९९४ मध्ये सरोजा भाटे व ब्राँकहॉर्स्ट यांच्या संपादनाखाली दिल्लीहून पुस्तकरूपाने निघाले. त्या नियतकालिकाच्या अंकाच्या शेवटी ईव्ह रामसेये यांनी केलेली भर्तृहरीविषयक सूची आहे, फ्रेंचमध्ये, तीसेक पानांची. आमच्या कामाचा पाया तीच. मी ती प्रथम पाहिली ती झेरॉक्सच्या झेरॉक्सवर, आणि समासात कोणाकोणाच्या हस्ताक्षरात वाढवलेल्या नोंदी होत्या. आता तो अंक झुरिचच्या ई-पेरिओडिका या डिजिटल संग्रहात कोणालाही फुकट वाचता येतो आणि समास स्वच्छ पांढरा आहे. या सूचीच्या आधी आणि नंतर दोन मोठी माणसे उभी आहेत. कार्ल पॉटर यांनी भारतीय तत्त्वज्ञानाच्या विश्वकोशाचा पहिला खंडच सूचीला दिला (१९७०). त्याची तिसरी छापील आवृत्ती १९९५ ची, आणि त्यानंतर ती वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वाढत राहिली, सर्वांना खुली. जॉर्ज कार्डोना यांनी पाणिनीय अभ्यासाचे सर्वेक्षण केले, १९७६ मध्ये एक आणि १९९९ मध्ये दुसरे. पॉटर सांगतात काय काय आहे. कार्डोना सांगतात त्यातले कोणते कशासाठी वाचावे आणि कोणाशी आपले का जमत नाही. मला पॉटरांविषयी आदर आहे, कार्डोनांविषयी लोभ आहे.

सामाईक सूचीचे काम बाहेरून फार निर्वेध दिसते. एखाद्या लेखाच्या पानावर जावे, झोटेरोचे बटण दाबावे, नोंद आपोआप उतरते. पण उतरलेली नोंद उघडून पाहिली की खरे काम सुरू होते. भर्तृहरी हे नाव रोमन लिपीत लिहिताना 'ऋ'साठी 'आर'खाली ठिपका देतात. हा ठिपकेवाला 'आर' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो : एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा 'आर' आणि त्यामागून येणारा सुटा ठिपका म्हणून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी फरक कळत नाही. एखाद्या शोधयंत्रणेला मात्र ती दोन वेगळी माणसे वाटतात. त्यात ठिपका न देणारे, 'ऋ'चा 'रि' करणारे, क्योटो-हार्वर्ड या लिप्यंतर-पद्धतीने मोठा 'आर' लिहिणारे यांची भर. देवनागरीतही सुटका नाही, कारण संस्कृत पुस्तकाच्या शीर्षकात शेवटचा इकार ऱ्हस्व आणि मराठी पुस्तकात दीर्घ. जुन्या मराठी मासिकांचे काही लेख युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेले, त्यांतला मजकूर उचलला तर हाती निव्वळ चिन्हांचा चिवडा येतो. माझी विद्यार्थिनी रात्री मुले झोपल्यावर ही जुळणी करते आणि मधूनच एखादा पडदाचित्राचा तुकडा मला पाठवते, खाली फक्त हसण्याचे चिन्ह.

तरी हे यांत्रिक काम झाले, चिकाटीने संपते. ज्या नोंदी बटण दाबून मिळतच नाहीत, त्यांचे काय? माझे आवडते उदाहरण सांगते. भर्तृहरीचा काळ इत्सिंगच्या आधाराने बराच काळ सातव्या शतकात धरला जाई. १९५१ मध्ये मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकात एच. आर. रंगस्वामी अय्यंगार यांचा एक लेख आला, २६ व्या खंडात, पृष्ठे १४७ ते १४९. तीन पाने. बौद्ध नैयायिक दिङ्नागाने वाक्यपदीयातल्या कारिका उद्धृत केल्या आहेत, एवढे त्यांनी दाखवले. म्हणजे भर्तृहरी दिङ्नागाच्या आधीचा किंवा फार तर त्याच्या बरोबरीचा, आणि त्याचा काळ एकदम पाचव्या शतकाकडे सरकतो. १९५९ मध्ये एरिक फ्राउवालनर यांनी दिङ्नागाच्या ग्रंथांवर जर्मनमध्ये दीर्घ लेख लिहिला, त्यात दिङ्नागाच्या 'त्रैकाल्यपरीक्षे'तला मोठा भाग वाक्यपदीयाच्या तिसऱ्या कांडातून घेतलेला असल्याचे सिद्ध केले. भर्तृहरीच्या अभ्यासकाला हे दोन्ही लेख टाळून पुढे जाता येत नाही. पण फ्राउवालनर यांच्या शीर्षकात भर्तृहरीचे नावच नाही. शीर्षकांवर चालणारी यंत्रणा तो लेख आपल्यापर्यंत आणणार नाही. तो कोणीतरी वाचलेला असावा लागतो, आणि वाचणाऱ्याने 'हा आपल्याकडेही हवा' असे म्हणून सूचीत आणून ठेवावा लागतो.

असेच गौरवग्रंथांचे. आपल्याकडे एखाद्या पंडिताची साठी किंवा पंचाहत्तरी झाली की शिष्य मिळून ग्रंथ काढतात, त्यात पहिली शंभरेक पाने आठवणी आणि संदेश, आणि मागे एखादा असा निबंध दडलेला असतो जो लेखकाने आपले सर्वोत्तम म्हणून गुरूसाठी राखून ठेवलेला होता. ग्रंथालयाच्या यादीत फक्त गौरवग्रंथाचे नाव येते, आतल्या निबंधांची अनुक्रमणिका येत नाही. आमच्या सूचीत आज ज्या नोंदींचा मला मनापासून अभिमान वाटतो त्यांतल्या बऱ्याच अशा मार्गाने आल्या आहेत. मराठवाड्यातल्या त्या महाविद्यालयात एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेले कपाटभर ग्रंथ आहेत, कुलपाची किल्ली शिपाईकाकांकडे. ती मोकळ्या तासाला जाऊन एकेक गौरवग्रंथ काढते, अनुक्रमणिकेच्या पानाचे छायाचित्र घेते आणि गटावर टाकते. छायाचित्रात तिचा अंगठा येतो, कधी खिडकीच्या गजांची सावली येते. परदेशातल्या समृद्ध ग्रंथालयांत बसलेले आमचे सहकारी त्या छायाचित्रांची वाट पाहतात, हे पाहून मला जरा बरे वाटते. नाहीतर एरवी आपण घेणारे आणि ते देणारे, असेच चाललेले असते. अय्यरांच्या जुन्या आवृत्त्यांची छायाप्रत आंतरजालावर सापडते, पण कालपरवाचा लेख प्रकाशकाच्या भिंतीआड असतो आणि त्याची किंमत तिच्या आठवड्याच्या भाजीइतकी असते. सूचीत दुवा दिसतो, दुव्यामागे दार बंद. अशा वेळी नोंदीखाली कोणी चार ओळींचा गोषवारा लिहून ठेवला असेल तर त्याचे मोल तिलाच विचारावे.

गटात एका गोष्टीवरून आमची बरीच ओढाताण झाली. मी आग्रह धरला की प्रत्येक नोंदीला 'प्रत्यक्ष पाहिले' किंवा 'पाहिले नाही' अशी खूण असावी. जुने सूचिकार न पाहिलेल्या ग्रंथापुढे तारा काढीत. त्या एका ताऱ्यात केवढा प्रामाणिकपणा होता! एका सहकाऱ्याला हे अनावश्यक वाटले. माहिती तर सगळीकडे तीच आहे, मग पाहिले काय आणि न पाहिले काय, असे त्यांचे म्हणणे. पण सगळीकडे तीच आहे, हीच तर अडचण आहे. छापील यादीतला पृष्ठांकाचा एखादा मुद्रणदोष पुढच्या यादीत उतरतो, तिथून संगणकावर, तिथून प्रबंधांच्या शेवटी. आणि मग अनेक ठिकाणी आढळतो म्हणून बरोबर ठरतो. एकाने जरी मूळ अंक उघडला असता तरी ही साखळी तुटली असती. सामाईक सूची एका क्षणात शंभर जणांच्या संगणकावर जाते, त्यामुळे उघडून पाहण्याची जबाबदारी वाढते असे मला वाटते. एकट्या माणसाने आयुष्य वेचून केलेली शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची, १८०० ते १९३७ या काळाची, मी अजूनही अधूनमधून चाळते, तेव्हा हा विचार अधिकच बळावतो. शेवटी खूण ठेवायचे ठरले. अर्ध्याहून अधिक नोंदींपुढे सध्या 'पाहिले नाही' असेच आहे.

भर्तृहरीने स्वतः याविषयी काही म्हटले आहे का, असा विचार करीत मी वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडाचा, म्हणजे वाक्यकांडाचा, शेवट पुन्हा काढून वाचला. तिथे तो व्याकरणपरंपरा कशी खंडित झाली ते सांगतो. व्याडीचा 'संग्रह' हा प्रचंड ग्रंथ अस्तंगत झाला, कारण तो संक्षेपाची आवड असलेल्या आणि थोडक्या विद्येवर भागवणाऱ्या वैयाकरणांच्या हाती पडला. मग पतंजलीच्या शिष्यांकडूनही आगम, म्हणजे परंपरेने आलेली व्याकरणविद्या, निसटला आणि दाक्षिणात्यांकडे केवळ ग्रंथरूपाने उरला. केवळ ग्रंथरूपाने, हे शब्द वाचताना मला आमची झोटेरोतली यादी डोळ्यांपुढे आली आणि थोडे अवघडल्यासारखे झाले. पण त्याच्याच आसपास तो म्हणतो, "प्रज्ञा विवेकं लभते भिन्नैरागमदर्शनैः", वेगवेगळ्या परंपरांची दर्शने पाहिली म्हणजे बुद्धीला विवेक येतो. आपल्याच तर्कामागे धावणाऱ्याच्या हाती असे कितीसे लागणार? हा श्लोक कितवा, हे मात्र कोणती आवृत्ती उघडली आहे यावर ठरते. अभ्यंकर-लिमये यांची पुणे विद्यापीठाची १९६५ ची आवृत्ती, विल्हेल्म राउ यांची १९७७ ची आणि अय्यरांची, यांचे क्रमांक सगळीकडे जुळत नाहीत. म्हणून लेखाच्या नोंदीत लेखकाने कोणती आवृत्ती वापरली हेही आम्ही लिहू लागलो आहोत. वाचणाऱ्याचा अर्धा तास वाचतो.

वृत्तीचे आम्ही असे केले : लेखकाच्या चौकटीत 'हरिवृषभ' हे पुष्पिकेतले नाव, कारण तेवढे निर्विवादपणे लिहिलेले आहे, नोंदीला भर्तृहरीच्या मूळ नोंदीशी दोन्हीकडून जोडणारा दुवा, आणि खाली टिपणात दोन्ही पक्षांचे लेख कालक्रमाने. दिसायला ते बेढब आहे. कोणी सूचीतून नोंद उचलून आपल्या प्रबंधात टाकील तेव्हा टिपण गळून पडणार आणि हरिवृषभ एकटाच जाणार, हेही मला दिसते. त्यावर उपाय सापडलेला नाही. 'महाभाष्यदीपिके'चे, म्हणजे पतंजलीच्या महाभाष्यावरील भर्तृहरीच्या टीकेचे, त्यामानाने सोपे गेले : कर्तृत्वावर फारसा वाद नाही, आणि बर्लिनच्या एकुलत्या एका ज्ञात हस्तलिखितावरून काशीत आणि पुण्यात आवृत्त्या निघाल्या हे सर्वमान्य. 'शब्दधातुसमीक्षा' मात्र पुन्हा चौकटीत बसेना. काश्मिरी शैवांच्या ग्रंथांत तिचा भर्तृहरीची म्हणून उल्लेख येतो, ग्रंथ नाही. प्रकाशक नाही, वर्ष नाही, पाने नाहीत. तरीही नोंद ठेवली आहे, आणि जिथे जिथे उल्लेख येतो ते संदर्भ तिच्याखाली जमवत आहोत.

आता मराठी विभागावर गाडी येऊन थांबली आहे. काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांचा महाभाष्याच्या मराठी भाषांतराला जोडलेला प्रस्तावनाखंड (१९५४), तत्त्वज्ञान महाकोश, विश्वकोश, मासिकांतले विखुरलेले लेख, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. गटातले गोव्याचे एक सहकारी मात्र वामन पंडितांची नीतिशतकाची समश्लोकीही घ्यावी म्हणून हटून बसले आहेत. माझे म्हणणे, वाक्यपदीयाशी तिचा काडीचा संबंध नाही आणि उद्या नवनाथ भक्तिसारही घ्यावा लागेल. ते म्हणतात, मराठी मुलगा 'भर्तृहरी' शोधत आला तर आधी वाळूच्या तेलापाशीच येणार. तिथे नोंद असेल तर तिच्याखाली 'वैयाकरण भर्तृहरीसाठी पाहा' एवढे लिहिता येते, नोंदच नसेल तर तो मुलगा परत जाईल. त्यांचा मुद्दा मला अजून पुरता पटलेला नाही. त्यांनी नोंद करून टाकली आहे, खाली कोसंबींच्या आवृत्तीचा हवालाही दिला आहे, आणि खूण 'प्रत्यक्ष पाहिले' अशी लावली आहे. मी ती काढलेली नाही. भक्तिसाराविषयी आम्ही पुढच्या बैठकीत बोलणार आहोत.